वाचक विचारतात : पुढचं ठाऊक असलेला कप्तान

गेल्या अंकात मी सहज लिहून गेलो की सध्या ‘स्टार ट्रेक : स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ ही अंतराळयानाची अमेरिकन मालिका बघतोय. तेवढ्या एका वाक्यावर या महिन्याचं निम्मं टपाल आलं. ठाणे, ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर... खाडीच्या दोन्ही काठांवर इतके यानवेडे राहतात याची मला कल्पना नव्हती. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या खेपेला. आज फक्त हेच.

मालिका ५ मे २०२२ला सुरू झाली. पहिला सीझन दहा भागांचा आहे आणि हे लिहीपर्यंत, म्हणजे मे २०२२अखेर, चार आलेत. तेव्हा खाली आहे ते पहिलं मत समजा, निकाल नव्हे. नव्या वाचकांसाठी इतकंच, की माझी उभी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली. त्यामुळे दिवे, बटणं आणि संकटाच्या वेळी माणसं एकमेकांशी कशी बोलतात, याकडे माझं लक्ष जरा जास्तच जातं. गोष्टी थोड्या फुटणार आहेत. ज्यांना ते चालत नसेल त्यांनी सरळ पाककृतींचं पान गाठावं. या वेळी तिथे अळूचं फदफदं आहे.

प्रश्न : मी स्टार ट्रेकमधलं काहीही पाहिलेलं नाही. ऑफिसातले सगळे याच मालिकेबद्दल बोलतात. आधी जुनं सगळं बघून घ्यायला हवं का?
— एक वाचक, ऐरोली

मुळीच नको. मूळ मालिकेचेच ७९ भाग आहेत, १९६६ ते १९६९चे. त्यानंतरच्या मालिका आणि सिनेमे धरले तर तुमची ही नोकरी सुटून दुसरी लागेल तरी संपणार नाहीत.

या नव्या मालिकेची मला आवडलेली पहिली गोष्ट हीच, की प्रत्येक भागात एक गोष्ट सुरू होते आणि त्याच भागात संपते. हल्ली मालिका म्हणजे दहा तासांचा एक सिनेमा कापून वाढलेला असतो; कुठलाही तुकडा घ्या, अर्धवटच लागतो. इथे दुसरा भाग धूमकेतूचा, तिसरा साथीच्या रोगाचा, चौथा पाठलागाचा. एखादा राहिला तरी अडत नाही.

एवढं माहीत असलं की पुरे : एंटरप्राइज नावाचं यान आहे. त्याचा प्रसिद्ध कप्तान कर्क अजून त्यावर आलेला नाही, त्याच्या आधीचा कप्तान ख्रिस्तोफर पाइक आहे. स्पॉक हा अर्धा माणूस, अर्धा व्हल्कन, म्हणजे तर्कानं चालणाऱ्या लोकांतला. आणि यानाच्या संदेशांची बाजू सांभाळायला उहुरा नावाची शिकाऊ मुलगी नुकतीच रुजू झाली आहे. तिला ३७ भाषा येतात, आणि पहिल्याच जेवणाच्या आमंत्रणाला ती समारंभाचा कडक गणवेश घालून हजर होते, कारण ऑर्टेगास नावाच्या वैमानिक बाईनं तिला तसं खोटंच सांगितलेलं असतं. नव्या पोराची अशी फिरकी घेतली जात नाही असं खातं मी तरी पाहिलेलं नाही. तिथेच मला हे यान खरं वाटायला लागलं.

प्रश्न : पाइकचं पुढे काय होतं हे १९६६ सालीच दाखवून झालंय. शेवट ठाऊक असताना आम्ही काय म्हणून जीव टांगणीला लावून बसायचं? पूर्वकथांची ही सगळी लाट मला तर पैसे कमवायची युक्ती वाटते.
— एक वाचक, नेरूळ

युक्ती तर आहेच. पण तुमचा पहिला प्रश्न या सगळ्या टपालातला सर्वांत मोलाचा आहे, म्हणून जरा ऐसपैस उत्तर देतो.

आधी इतरांसाठी मागची हकिकत. १९६४च्या अखेरीस स्टार ट्रेकचे जनक जीन रॉडनबेरी यांनी ‘द केज’ नावाचा नमुन्याचा भाग चित्रित केला. त्यात कप्तान होता पाइक, आणि काम केलं होतं जेफ्री हंटर यांनी. एनबीसी वाहिनीनं तो नाकारला, मात्र दुसरा नमुना करून आणा असं सांगितलं. असं त्या धंद्यात सहसा होत नाही. दुसऱ्या वेळी हंटर नव्हते. विल्यम शॅटनर आले, कर्क जन्माला आला, आणि आधीच्या मंडळींपैकी फक्त स्पॉक टिकला. आता न वापरलेलं एवढं चित्रीकरण वाया कशाला घालवायचं? म्हणून नोव्हेंबर १९६६मध्ये ‘द मिनॅजरी’ ही दोन भागांची गोष्ट रचण्यात आली. जुने तुकडे स्पॉकवरच्या खटल्यात पुरावा म्हणून दाखवले, आणि खटल्याच्या दिवसांतला पाइक म्हणून चाकांच्या खुर्चीत होरपळलेला एक माणूस बसवला. प्रशिक्षणाच्या जहाजावर किरणोत्साराचा अपघात झाला, आत अडकलेल्या मुलांना बाहेर काढताना हा सापडला. बोलता येत नाही, हलता येत नाही. खुर्चीवर एक दिवा आहे. एकदा लुकलुकला की हो, दोनदा लुकलुकला की नाही.

ती गोष्ट मी पाहिली तेव्हा खात्यात नवा होतो, आणि तो दिवा काही केल्या डोक्यातून जाईना. आमच्या उपनगरी मार्गावरचा साधा सिग्नलही चार गोष्टी बोलतो : थांब, जपून ये, पुढे जपून यायचंय, जा. या माणसाकडे दोनच.

(अपघाताबद्दल जाता जाता : शिकाऊ मुलांच्या जहाजावर संरक्षक पत्रा फुटतो आणि आपोआप सुरक्षित बाजूला पडणारी काहीच सोय नाही? आमच्याकडे तार तुटली तरी सिग्नल लाल होतो, हिरवा नाही. त्या चौकशी अहवालावर मला सही करायला आवडली असती.)

आता नवं काय केलं ते बघा. २०१९मध्ये, ‘डिस्कव्हरी’ या स्टार ट्रेकच्याच मालिकेच्या दुसऱ्या सीझनमध्ये, पाइक क्लिंगॉन या लढवय्या परग्रहवासीयांच्या मठात कालस्फटिक आणायला जातो. तो स्फटिक त्याला त्याचा अपघात दाखवतो, होरपळलेला चेहरा, ती खुर्ची, सगळं. मठातला माणूस बजावतो की हा नेलास तर हे भविष्य कायमचं पक्कं झालं. पाइक क्षणभर कोसळतो, आणि नेतो. कारण ज्या कामाला आला होता ते त्याशिवाय होणार नसतं.

म्हणजे नवी मालिका सुरू होते तेव्हा जे तुम्हाला नेरूळमध्ये ठाऊक आहे ते पाइकलाही ठाऊक आहे. पूर्वकथेचा नेहमीचा घोटाळा असा की आपल्याला शेवट माहीत असतो, पात्राला नसतो, आणि लेखक आपल्याला तो विसरायला लावायच्या खटपटीत असतो. इथे विसरायला लावत नाहीत, उलट तेच मध्यावर ठेवलंय. आपल्याकडे म्हातारी माणसं सहदेवाचं सांगत, की त्याला पुढचं सगळं कळायचं पण कुणी विचारल्याशिवाय बोलायची मुभा नव्हती. पाइकची गत तीच. फक्त सहदेवानं त्या भारापोटी स्वयंपाकात जीव रमवल्याचं ऐकिवात नाही, पाइक रमवतो. कप्तानाच्या खोलीत चूल आहे, आणि तो हाताखालच्यांना स्वतः रांधून वाढतो.

पहिल्या भागात तो मोंटानाच्या बर्फात दाढी वाढवून, घोड्यावर बसून, जगापासून लपलेला सापडतो. परत आल्यावर, ज्या मुलांना तो पुढे वाचवणार आहे त्यांची नावं शोधून काढतो आणि पाठ करतो. ती अजून लहान आहेत.

तर टांगणीला काय लावायचं? मला विचाराल तर हे : या माणसाला दहा वर्षांच्या आतला आपला शेवट माहीत आहे, म्हणजे तोवर आपण मरणार नाही हेही माहीत आहे. पण ती हमी त्याच्या एकट्याची. यानावरच्या बाकीच्यांना तिचा काही उपयोग नाही. स्वतःच्या जिवाची खात्री असलेला अधिकारी मला नेहमीच धोक्याचा वाटत आलाय. तो दुसऱ्याच्या जिवावर सैल सुटू शकतो. चौथ्या भागात यान एका मंद ताऱ्याच्या पोटात शिरतं, बाहेरचा पत्रा दाबानं चेपत जातो, खालचे मजले एकेक करून बंद करायला लागतात, आणि पाइकला आणखी खोल जायचा हुकूम द्यायचा असतो. तिथे पाइकचं काम करणाऱ्या ॲन्सन माउंट यांचा चेहरा बघा. ‘मी तर वाचणार आहे’ ही गोष्ट त्या माणसाला लाजेसारखी टोचते, हे एक शब्द न बोलता दिसतं. पाइक मरतो की जगतो याची उत्सुकता मला नाही. त्या माहितीसकट तो माणसांशी कसा वागतो ती आहे, आणि ते १९६६ साली कुणी दाखवलेलं नाही.

‘द मिनॅजरी’ पाहिली नसेल तर हे चार भाग झाल्यावर जरूर बघा. तिचा शेवट मी सांगत नाही.

प्रश्न : ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर स्टार ट्रेक लागायचं तेव्हापासूनचा मी चाहता. नवं यान जुन्याच्या आधीचं म्हणे, मग ते इतकं चकचकीत कसं? डोळ्यांना खटकतं.
— एक ज्येष्ठ वाचक, पाचपाखाडी

साहेब, आपण एकाच काळातले. शेजारच्यांच्या कृष्णधवल संचावर मी ते बघायचो, त्यामुळे गणवेश पिवळे, निळे, लाल असतात हेच मला पुष्कळ उशिरा कळलं.

खुलासा सरळ आहे. १९६६मधल्या लोकांनी त्यांना सुचलं तसं भविष्य बांधलं, २०२२मधल्यांनी यांना सुचलं तसं. आजच्या प्रेक्षकाच्या खिशातला फोन जुन्या एंटरप्राइजच्या अर्ध्या टेबलाला भारी पडतो. त्याला प्लायवूडचा पत्रा दाखवून ‘हे तेविसावं शतक’ म्हटलं तर तो हसेल. चित्रीकरण कॅनडात मिसिसॉगाला चालतं. कलाकारांच्या मागे दिव्यांच्या पडद्याची अजस्र भिंत आहे, तिच्यावर ग्रह, इंजिनखोली वगैरे उमटतं, आणि त्याचाच उजेड कलाकारांच्या अंगावर पडतो. जुन्या हिरव्या पडद्यापेक्षा हे कितीतरी बरं. माणूस त्या जागी उभा आहे असं तरी वाटतं.

खटकण्याबद्दल मात्र मी अर्धा तुमच्या बाजूचा. मी लागलो तेव्हा काही केबिनांत हातानं ओढायचे लिव्हर होते, मग बटणांचे पॅनेल आले, निवृत्त होताना संगणकाच्या माउसवर गाडीचा मार्ग लागत होता. यांतलं सर्वांत भरवशाचं कुठलं असं विचाराल तर बटण. अंधारात, धुरात, झोपेत, बोटाला आपोआप सापडतं. गुळगुळीत काचेवर बोट कुठे टेकवायचं हे यान हेलकावे खात असताना कसं कळणार? जुन्या मालिकेतली ती गोळ्या-चॉकलेटी रंगांची बटणं लोकांनी हसण्यावारी नेली, पण ती बनवणाऱ्याला कामाची जाण होती असं माझं मत आहे. नव्या यानावर थोडी बटणं ठेवली आहेत. आणखी हवी होती.

प्रश्न : मराठीत एवढे लेखक असताना एका अमेरिकन यानावर आपल्या मासिकाची पानं कशाला? आणि रेल्वेतल्या माणसाला विज्ञानकथेतलं काय कळतं?
— एक वाचक, नौपाडा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बाकीच्या पत्रांवरून ठरवा. पहिल्याबद्दल : स्टार ट्रेक सुरू झालं १९६६मध्ये, आणि मराठी विज्ञान परिषदही स्थापन झाली १९६६मध्येच. तिच्याच विज्ञानकथा स्पर्धेला १९७४ साली जयंत नारळीकरांनी टोपणनावानं कथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं. हे दोन्ही वाचत-बघत मोठी झालेली माणसं याच गावात आहेत. एकावर लिहिलं म्हणजे दुसरं खोडलं असं होत नाही. मराठी विज्ञानकथेवर तुम्ही प्रश्न पाठवा, त्यावरही लिहितो.

प्रश्न : ‘एंटरप्राइज’ नावाची पूर्वकथा मी मोठ्या आशेनं बघितली होती आणि हात पोळून घेतले. ‘डिस्कव्हरी’ही अर्ध्यात सोडली. तिसऱ्यांदा विश्वास का ठेवावा?
— एक वाचक, सीबीडी बेलापूर

विश्वास ठेवू नका, दोन भाग बघा.

‘एंटरप्राइज’वर लोक उठसूट तोंडसुख घेतात, ते मला पटत नाही. २६ सप्टेंबर २००१ला ती सुरू झाली. काळ २१५१ सालचा, म्हणजे कर्कच्या शंभरेक वर्षं आधीचा. सुरुवातीला तर नावात ‘स्टार ट्रेक’ हे शब्दच नव्हते, तिसऱ्या सीझनमध्ये चिकटवले. पण तिच्यात एक कल्पना फार सुरेख होती : जे पुढे सवयीचं होणार ते इथे अजून भीतीचं आहे. माणसाला कणाकणानं उचलून दुसरीकडे पोचवणारं यंत्र आहे, पण त्यात शिरायला लोक कचरतात. संरक्षक कवच नाही, नुसत्या पत्र्याला वीज देऊन कडक करतात. समोरच्याची भाषा यंत्रानं आपोआप कळत नाही, होशी नावाची मुलगी कानांनी शिकते. नवीन यंत्रणा पहिल्यांदा चालू करताना माणसांच्या तोंडाला कोरड पडते, ती त्या मालिकेत दिसली. कप्तान आर्चरचा बीगल जातीचा पोर्थोस नावाचा कुत्राही होता, आमच्या सौ. त्या कुत्र्यासाठी बघायच्या, आणि तो नसलेल्या भागांत उठून कुकर लावायच्या.

बिघडलं कुठे? लेखकांना पूर्वकथेचीच धास्ती वाटली. साधी पहिल्या पिढीची गोष्ट सांगायची सोडून भविष्यातून येणारे हस्तक, काळातलं शीतयुद्ध, असलं काहीबाही घुसडलं. म्हणजे पाया खणायला आलेल्या माणसानं गच्चीवरच्या टाकीची चिंता करत बसायचं. चौथ्या सीझनमध्ये मॅनी कोटो यांच्या हाती सूत्रं आली आणि गाडी रुळावर आली, व्हल्कनांचं राजकारण, वेगवेगळ्या ग्रहांची पहिली युती, हे सगळं त्यात नीट आलं. तेव्हाच मालिका बंद केली. ९८ भागांनंतर मे २००५मध्ये जो शेवटचा भाग दाखवला, तो म्हणजे दुसऱ्याच मालिकेतला रायकर आभासी खोलीत बसून यांची गोष्ट बघतोय. चार वर्षं घाम गाळलेल्या कलाकारांना स्वतःच्या निरोपसमारंभात पाहुण्यांच्या रांगेत बसवलं. त्याचा राग मला अजून आहे.

‘डिस्कव्हरी’ २०१७ची, कर्कच्या दहा वर्षं आधी घडणारी. क्लिंगॉनांचे चेहरे बदलले, बुरशीच्या जाळ्यावरून क्षणात कुठेही पोचणारं इंजिन आणलं, आणि मग प्रश्न आलाच, की असं इंजिन होतं तर पुढच्या शंभर वर्षांत कुणाला कसं ठाऊक नाही? दुसऱ्या सीझनच्या शेवटी त्यांनी ते यानच नऊशेहून जास्त वर्षं पुढे पाठवून दिलं, आणि मागे राहिलेल्यांनी ठरवलं की याचं नावसुद्धा काढायचं नाही, काढलं तर राजद्रोह! खात्यात एखादी नको ती फाइल गहाळ करतात ना, अगदी त्या थाटात. मला हसूच आलं. पण त्याच सीझननं माउंट यांचा पाइक, ईथन पेक यांचा स्पॉक आणि रेबेका रोमेन यांची नंबर वन, म्हणजे पाइकची उपकप्तान, दिली. प्रेक्षकांनी या तिघांची वेगळी मालिका मागून घेतली, ती ही.

हिला एक फायदा आहे. हिच्या कलाकारांपुढे इतिहास उभा करायचं ओझं नाही. पाइकबद्दल जुन्या मालिकेत दोन टोकं आहेत, एक तरुण कप्तान आणि एक खुर्ची. मधली जागा रिकामी. नंबर वनचं तर १९६४नंतर कुणी काही विचारलंच नव्हतं. डॉक्टर म्बेंगा जुन्यात दोनदाच दिसला होता. अशा मोकळ्या जागा जिथे आहेत तिथे ही मालिका छान चालते. आणि जिथे जागा मोकळी नाही तिथे ती अडखळते, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : माझा मुलगा चौथीत आहे, यानं आणि डायनासोर म्हटलं की वेडा होतो. त्याला दाखवू का?
— एक आई, खारघर

दुसरा भाग बेलाशक दाखवा. उहुरा गुणगुणून धूमकेतूतल्या यंत्राशी संवाद साधते, तो भाग मुलांना हमखास आवडेल. पहिलाही चालेल. तिसरा त्याला कंटाळवाणा होईल. चौथा आधी तुम्ही एकट्या बघा.

चौथ्यात गॉर्न नावाचे सरड्यासारखे परग्रहवासी आहेत. दिसत नाहीत, फक्त त्यांची जहाजं दिसतात, आणि म्हणूनच जास्त भीती वाटते. सुरक्षा अधिकारी लान हिला लहानपणी कुटुंबासकट त्यांनी पकडून नेलेलं असतं. माणसांचा वापर ते पिल्लं वाढवायला आणि खायला करतात, आणि ती एकटी वाचलेली असते. चौथीतल्या मुलासाठी हे जड आहे.

माझी मालिकेबद्दलची सर्वांत मोठी तक्रारही हीच. १९६७च्या ‘अरीना’ या भागात गॉर्न पहिल्यांदा आला, रबरी कातडं चढवलेला, हिरवा, संथ हलणारा. कर्क त्याच्याशी झुंजतो, गंधक, कोळसा आणि सोरा गोळा करून बांबूची तोफ बनवतो, त्याला पाडतो, आणि मग मारत नाही. कारण तोवर त्याला कळलेलं असतं की ज्याला आपण हल्ला म्हणत होतो तो कदाचित त्यांच्या हद्दीत आपण वसाहत केल्याचा प्रतिकार होता. त्या एका भागात स्टार ट्रेकचा जीव आहे : समोरचा कितीही विद्रूप दिसला तरी त्याची बाजू असू शकते. आणि आता त्याच गॉर्नांना नुसते खाणारे राक्षस करून टाकलं! शिवाय स्पॉक दोन्हीकडे हजर. आज गॉर्नांच्या तावडीतून सुटलेला स्पॉक कर्कच्या वेळी त्यांना पहिल्यांदा भेटल्यासारखा वागणार? याची सांगड कशी घालणार ते त्यांनाच ठाऊक.

एवढं म्हणून एक कबूल करायला हवं. त्याच भागात लानला आठवतं की गॉर्न जहाजं एकमेकांशी दिव्यांनी बोलतात, आणि तिच्या भावानं ती खूण उकलली होती. मग ती आणि स्पॉक छोट्या यानातून दिव्यांची उघडझाप करून खोटा निरोप पाठवतात आणि एक गॉर्न जहाज दुसऱ्याला उडवतं. मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही उभे का राहिलात?” मला कळलंच नव्हतं. चुकीचा दिवा दाखवून गाडी भलत्या रुळावर जाऊ नये यासाठी आम्ही जन्म घालवला. फाटकवाला आणि स्टेशनमास्तर एकमेकांना प्रायव्हेट नंबर, म्हणजे निरोपाची खूणगाठ पटवणारा गुप्त आकडा, दिल्याशिवाय शब्द खरा मानत नाहीत. गॉर्नांकडे ती पद्धत नाही, म्हणून बुडाले.

तुमच्या मुलाला जुना ‘अरीना’ दाखवा. डायनासोर भेटेल आणि तोफेची कृतीही. सोरा मात्र घरात आणू नका.

प्रश्न : पहिल्या भागातल्या ग्रहावरचे लोक दुर्बिणीतून लढाई बघून वॉर्पचं तंत्र शिकतात आणि इंजिनाऐवजी बॉम्ब बनवतात. हे विज्ञानाला धरून आहे का?
— अकरावीचा विद्यार्थी, वाशी

अर्धं आहे. प्रकाशाहून वेगानं जायची वॉर्प ही कल्पनाच आहे. १९९४मध्ये मिगेल अल्कुबिएरे यांनी आइनस्टाइनच्या समीकरणांत बसणारी तशी एक रचना मांडली खरी, पण तिला ऋण ऊर्जा लागते, आणि ती तेवढी कुठून आणणार? नुसतं लांबून बघून कुणी हे शिकेल, यावर तर माझा विश्वास बसत नाही. सिग्नलचा दिवा बघून रिले रूमची वायरिंग कुणाला कळत नाही.

पण इंजिन आणि बॉम्ब एकाच सामानाचे होतात, हे शंभर टक्के खरं. यानाचं इंजिन द्रव्य आणि प्रतिद्रव्य एकत्र आणून चालतं. एक ग्रॅम प्रतिद्रव्य एक ग्रॅम द्रव्याला भेटलं तर दोन्हींचं संपूर्ण वस्तुमान ऊर्जेत जातं. तुझ्या पुस्तकातलं सूत्र लाव, सुमारे ४३ किलोटन स्फोटकाएवढी ऊर्जा येते. हिरोशिमावरचा बॉम्ब साधारण १५ किलोटनांचा होता. घाबरू नकोस, माणसानं आजवर बनवलेलं सगळं प्रतिद्रव्य गोळा केलं तरी ग्रॅमचा नगण्य अंशच भरेल.

मला त्या भागातलं विज्ञान नव्हे, पाइकचा उपाय आवडला. दोन तट भांडताहेत, दोघांच्या मध्ये बॉम्ब. हा त्यांना पृथ्वीच्या इतिहासाची चित्रफीत दाखवतो. आपल्याच काळातले दंगे, त्यातून यादवी, त्यातून तिसरं महायुद्ध. जानेवारी २०२१मध्ये वॉशिंग्टनच्या संसदभवनावर चालून गेलेल्या जमावाची खरी दृश्यं त्यात आहेत. स्वतःचं मरण आधी पाहिलेला माणूस दुसऱ्यांना त्यांचं मरण दाखवतो, आणि म्हणतो की तुमचं अजून ठरलेलं नाही. जरा भाषणबाजी होते, खरं आहे. तीन मिनिटं कमी बोलला असता तर बिघडलं नसतं.

प्रश्न : मी कासारवडवली ते ठाणे स्टेशन बसमध्ये फोनवर बघते. सुरुवातीचं शीर्षकगीत पुढे ढकललं तर चालेल ना?
— एक वाचक, घोडबंदर रोड

मेट्रोच्या कामात तुमची बस जितका वेळ उभी असते त्यात शीर्षकसंगीत चार वेळा ऐकून होईल, ढकलताय कशाला! शिवाय हे गीत नाही. गीत ‘एंटरप्राइज’ला होतं, आणि त्यावरून चाहत्यांत किती भांडणं झाली ते विचारू नका. इथे जेफ रुसो यांचं संगीत आहे, त्यात अलेक्झांडर करेज यांच्या १९६०च्या दशकातल्या मूळ धूनचे सूर विणलेत, आणि वर पाइकच्या आवाजात ते ओळखीचं निवेदन. कर्क म्हणायचा, जिथे कुणी पुरुष गेला नाही तिथे. १९८७च्या मालिकेपासून ते जिथे कुणीच गेलं नाही तिथे असं झालं. इयरफोन लावा मात्र. मागच्या सीटवर कदाचित मीच असेन, आणि पाचवा भाग मी अजून पाहिलेला नाही.